अण्णांचा कागद

अण्णांनी पाटीवर पहिल्यांदा ‘इंजेक्शन’ असं लिहिलं तेव्हा मला वाटलं, कुठेतरी दुखतंय. म्हटलं, कसलं इंजेक्शन हवंय? त्यांनी मनगटानेच पाटी पुसली आणि वेळ घेत लिहिलं, ‘शेवटचं’.

मी ‘बघतो’ म्हणालो आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेलो. चहा नुकताच झाला होता.

अण्णा एस.टी.च्या कार्यशाळेत हेड मेकॅनिक होते. चौतीस वर्षं नोकरी. निवृत्तीनंतर गल्लीतल्या सगळ्यांच्या स्कूटर फुकटात दुरुस्त करायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत प्लग काढताना त्यांच्या हातून पाना निसटला. पुढच्या आठवड्यात पुन्हा निसटला. मार्चमध्ये न्यूरॉलॉजिस्टने मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. हात जातात, पाय जातात, जीभ आणि गिळणं जातं, शेवटी श्वास. डोकं मात्र बहुतेकांचं शाबूत राहतं. रिलुझोल नावाची गोळी मिळते, तिने थोडे महिने वाढतात, बरं कुणी होत नाही. अण्णांनी विचारलं, “म्हणजे पार्ट मिळत नाही याचा?” डॉक्टर नाही म्हणाले. “मग अजून किती चालेल गाडी?” दोन ते पाच वर्षं, साधारण. परत येताना रिक्षात अण्णा म्हणाले, बरा माणूस आहे, फिरवाफिरवी करत नाही.

त्या दिवाळीपर्यंत बोलणं गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात जेवणासाठी पोटातून नळी घातली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी चालायची, त्यांच्यात खडू धरून ते लिहायचे. नातवाची जुनी पाटी होती, एक कोपरा उडालेली.

‘शेवटचं’ नंतर दोन दिवसांनी मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. अण्णांच्या वयाचेच आहेत. त्यांनी केबिनचं दार लोटलं. “हे तू मला विचारलंच नाहीस असं समजू. मी दिलं तर तो मनुष्यवध. तू आणून ठेवलंस आणि त्यांनी घेतलं तर आत्महत्येला मदत, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ते दयेपोटी केलं म्हणून कायदा सोडत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण जे नको ते नाकारायचा हक्क त्यांना आहे. मशीन नको, गळ्याला भोक नको, हे ते आत्ताच लिहून ठेवू शकतात. तेवढं करा.”

हा फरक मला तेव्हा नीट कळला नाही. इंजेक्शन दिलं तर गुन्हा आणि मशीन काढलं तर हक्क. माणूस तर दोन्हीकडे जाणारच. आता वर्ष उलटून गेल्यावर थोडा कळतो, पण अण्णांना तो कधीच पटला नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘गाडी उतारावर सोडायची चालते, ब्रेक काढायचा नाही?’

घरात वाद सुरू झाला तो इथून. ताई मेलबर्नला असते. तिकडे व्हिक्टोरिया राज्यात १९ जून २०१९ पासून कायदा आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आजार बरा न होणारा असेल आणि सहा महिन्यांच्या आत मरण दिसत असेल (अण्णांसारख्या मज्जातंतूंच्या आजारात बारा महिने), तर माणूस स्वतः औषध मागू शकतो. तीनदा मागावं लागतं, दोन डॉक्टर तपासतात, आणि तिथला किमान वर्षभराचा रहिवासी असावा लागतो, त्यामुळे अण्णांना तिकडे नेण्याची ताईची कल्पना तिथेच संपली. तिच्या शेजारच्या आजोबांनी हा मार्ग घेतला होता. औषध कुलूपबंद डब्यात घरी आणून ठेवलं होतं. “आणि त्यांनी ते दोन महिने उघडलंच नाही,” ताई म्हणाली. “डबा आहे म्हटल्यावर निवांत झाले. मग एका रविवारी मुलांना बोलावलं.”

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, “बोलावणं वरून येतं. आपण धाडायचं नसतं.” आई वारकरी घरातली. अण्णांनी पाटी मागितली. ‘ज्ञानोबांना कुणी अडवलं?’

“तुम्ही ज्ञानोबा आहात का?” आई म्हणाली. अण्णा हसले. त्या आजारात हसू आवरत नाही, एकदा सुटलं की सुटलं. लाळ गळाली, ठसका लागला, सक्शन मशीन लावावं लागलं. आई पदराने त्यांचं तोंड पुसत होती आणि स्वतःही हसत होती.

पण एक दिवस आईने अरुणा शानबागचं नाव काढलं. केईएममधल्या त्या नर्सवर १९७३ साली हल्ला झाला आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्या तिथेच एका खोलीत पडून होत्या. त्यांना शांतपणे जाऊ द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणींनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २०११ साली न्यायालयाने तो फेटाळला, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या नर्सेसना त्या जगायला हव्या होत्या. त्याच निकालाने उपचार थांबवायचं दार मात्र पहिल्यांदा किलकिलं केलं. आईला यातलं एवढंच आठवत होतं की त्या नर्सांनी इतक्या वर्षांत तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. “परक्या बायकांनी केलं. मग मला जड का व्हावं?”

अण्णांनी लिहिलं, ‘तिला कुणी विचारलं?’

आईने पाटी वाचली आणि पुसली नाही. ती रात्रभर तशीच उशाला होती. सकाळी आई मला म्हणाली, त्यांचा तो कागद करून टाक.

कागद म्हणजे लिव्हिंग विल. मराठीत वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी करतच नसे. २४ जानेवारी २०२३ ला ती अट निघाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने कोण बोलणार, त्यांची नावं त्यात घालायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

मजकूर वकिलाने लिहून आणला होता, साडेतीन पानं. अण्णांनी तो बाजूला सारला. पाटीवर स्वतः सांगितला, मी उतरवून घेतला, तास-दीड तास लागला. ‘गळ्याला भोक नको. व्हेंटिलेटर नको. छाती दाबायची नाही. दम लागला, दुखलं तर औषध द्या. त्याने लवकर गेलो तरी चालेल. घरी ठेवा.’ वकिलाने त्याला कायद्याचं अस्तर लावलं. बोलणारे म्हणून माझं आणि ताईचं नाव. आईचं का नाही, विचारलं तर लिहिलं, ‘तिला सही करायला लावू नका.’

त्याच सुमारास, २०२४ च्या ऑक्टोबरात, सरकारने शंभराचा मुद्रांक बंद करून पाचशेचा केला होता. या कागदाला मुद्रांक लागतो असं निकालात कुठेही नाही, पण नोटरी म्हणाला पाचशेवरच करू, नंतर कुणी खुसपट काढायला नको. एक साक्षीदार शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. दुसरा अण्णांच्या हाताखाली शिकलेला मेकॅनिक, तो आता साठीचा आहे. त्याने कागद दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं. “सायब, हेच्यावर मी सही करायची म्हंजे तुमाला मी भंगारात काढल्यागत हुतंय.”

अण्णांनी लिहिलं, ‘गाडी निर्लेखित करताना सही कुणाची असायची?’

“तुमचीच की.”

‘मग?’

त्याने सही केली आणि बाहेर जाऊन बराच वेळ चपला घालत बसला. अण्णांचा अंगठा मी धरून टेकवला. शाईचा डाग नखात आठवडाभर होता.

पालिकेत काय झालं ते सांगण्यासारखं आहे. डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने असे कागद सांभाळायला गावोगावच्या पालिकांत मिळून चारशेच्या वर अधिकारी नेमले, हे मी वाचलेलं होतं. खिडकीवरच्या माणसाने ते वाचलेलं नव्हतं. मला जन्म-मृत्यू विभागात पाठवलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, “मृत्यू कधीचा?”

“व्हायचाय.”

त्याने मान वर केली. “मग झाल्यावर या.”

तिसऱ्या खेपेला आरोग्य अधिकारी भेटल्या. त्यांच्या खणात सरकारी पत्राची प्रत होती आणि त्या नेमणुकीत त्यांचंच नाव होतं. चांगल्या वागल्या. त्याच कारकुनाला बोलावून आवक क्रमांक टाकायला लावला. आमच्या शहरातला हा पहिलाच कागद, त्याला फाईल नव्हती. त्याने नवी पुठ्ठ्याची फाईल काढून वर स्केचपेनने ‘इच्छापत्र (जिवंत)’ असं लिहिलं आणि लोखंडी कपाटात ठेवली.

त्यानंतर नऊ-दहा महिने बरे गेले. दोन तासांवरच्या शहरातल्या पॅलिएटिव्ह विभागातून मॉर्फिन मिळालं. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार हटत नाही तिथे त्रास हटवणं. मॉर्फिन म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, मीही दचकलो होतो. अगदी थोड्या मात्रेत ते कोंडलेल्या छातीची घाबरगुंडी कमी करतं. रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वासाला हवेचा रेटा देणाऱ्या यंत्राचा मास्क. अण्णा झोपू लागले, मी झोपू लागलो. त्या काळात ‘इंजेक्शन’ हा शब्द पाटीवर आला नाही. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, कागद झाला म्हणून आला नाही, तो त्यांचा कुलूपबंद डबा. मी म्हणायचो, मॉर्फिनमुळे. विचारायचं राहिलं. मे महिन्यात नातू बारावी पास झाला तेव्हा अण्णा पुन्हा ठसका लागेपर्यंत हसले. जूनमध्ये बोटंही थांबली. मग मुळाक्षरांचा तक्ता केला. ओळीवर काठी ठेवायची, हवी ती ओळ आली की डोळे मिटायचे, मग अक्षरांवर तसंच. काना-मात्रा आपण समजून घ्यायच्या.

२०२५ च्या ऑगस्टातला शनिवार, गणपतीच्या आधीचा. रात्री दोनला आईने हाक मारली. अण्णांचे ओठ निळे पडले होते, हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. पॅलिएटिव्हच्या नर्सने या वेळी काय करायचं ते मला शिकवलं होतं, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. मॉर्फिनची मात्रा, मान कशी ठेवायची, कुणाला फोन करायचा. मी फ्रिजसमोर उभा राहिलो आणि मला ते वाचता येईना. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

कॅज्युअल्टीत एक पंचविशीतला डॉक्टर होता. त्याने ऑक्सिजन बघितला आणि म्हणाला, श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल, दोन मिनिटांत सांगा, नाहीतर जातील. इच्छापत्राची झेरॉक्स माझ्या शर्टाच्या खिशात होती. घरून निघताना मीच घेतली होती. खिशावर हात ठेवून मी म्हणालो, “घाला.”

घाबरलो होतो, हे खरं. पण ‘नाहीतर जातील’ या वाक्याला मुलाने ‘जाऊ द्या’ म्हणायचं असतं, हे माझ्या तोंडाला माहीतच नव्हतं.

इच्छामरणाला विरोध करणारे म्हणतात की कायदा आला तर घरचे लोक म्हाताऱ्यांना लवकर निघायला भाग पाडतील. ती भीती खोटी नाही. आमच्याच गल्लीत एक प्लॉट आहे आणि त्याच्या मालकाला तीन मुलगे आहेत, मला सगळं दिसतं. पण आमच्या घरात दडपण उलट्या बाजूने आलं. अण्णांना जायचं होतं आणि मी, त्यांनी नाव घालून नेमलेला माणूस, त्यांना धरून बसलो. दिवसाला अठरा हजार भरून.

सोमवारी गुंगीचं औषध कमी केलं. डोळे उघडले. तोंडात नळी, गालांवर चिकटपट्टी. त्यांनी मला बघितलं आणि नजर वळवली नाही. मी घरून तक्ता मागवला. काठी नव्हती, नर्सचं पेन घेतलं. पहिल्या ओळीला डोळे मिटले, पहिलंच अक्षर. क. पुन्हा पहिली ओळ, तिसरं अक्षर. ग. मग चौथी ओळ, तिसरं. द.

मी खिशातून झेरॉक्स काढून त्यांच्यासमोर धरली. घामाने शाई फुटली होती. त्यांनी डोळे मिटून उघडले.

शुद्धीवरच्या माणसाने स्वतः उपचार नाकारला तर तेवढं पुरतं, असं मला वाटत होतं आणि आमच्या वकिलालाही. रुग्णालयाच्या वकिलाला तसं वाटलं नाही. घातलेली नळी काढायची तर दोन्ही मंडळं होऊ देत, म्हणाला. पहिलं मंडळ म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. ते मंगळवारी झालं. दुसऱ्या मंडळात वेगळे दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. बुधवारी गणेश चतुर्थी. कार्यालय बंद. आईने घरी दीड दिवसाचा गणपती बसवला, शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन. तो चुकवणार नाही म्हणाली. आयसीयूच्या बाहेर ताशा वाजत होता आणि आत मी मोबाईलवर सरकारी नंबर फिरवत होतो. ताई मंगळवारी येऊन पोचली होती. ती माझ्याशी अजून बोलत नव्हती.

गुरुवारी सिव्हिल हॉस्पिटलच्या एक डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, हातात डबा, गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून वैतागलेल्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली, खुर्ची ओढून अण्णांच्या नजरेच्या उंचीला बसल्या. “काका, मी विचारते, तुम्ही डोळ्यांनी सांगा. घाई नाही. नळी काढल्यावर तुम्ही जाल, हे माहीत आहे? तरी काढायची? कुणी सांगितलं म्हणून नाही ना?” तीन प्रश्न त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले, मधे एकदा मला आणि ताईला बाहेर पाठवून. त्या निघाल्या तेव्हा ताई मला म्हणाली, “तिकडे असंच विचारतात.” आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

शुक्रवारी न्यायदंडाधिकाऱ्यांना पत्र गेलं. परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. आईने अण्णांच्या कपाळाला दीड दिवसाच्या गणपतीचं कुंकू लावलं. आधी मॉर्फिन आणि गुंगीचं औषध दिलं, पुरेसं दिलं, मग नळी काढली. गालावर चिकटपट्टीचे दोन पट्टे राहिले होते, ते आईने ओल्या कापसाने काढले. पन्नास मिनिटं लागली. धडपड झाली नाही.

ताई म्हणते, हेच सगळं घरी, त्यांच्या कॉटवर, त्यांनी ठरवलेल्या दिवशी झालं असतं. मी म्हणतो, मग त्यांनी कदाचित फेब्रुवारी निवडला असता आणि नातवाचा निकाल पाहिला नसता. ती म्हणते, तो हिशोब त्यांचा होता, तुझा नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडचा कायदा उद्या इथे आला तर मी विरोध करणार नाही, पण त्या प्लॉटवाल्या घरासमोरून जाताना माझा पाय अडखळतो, हेही तितकंच खरं.

सप्टेंबरात मृत्यूचा दाखला आणायला गेलो. तोच कारकून. “मृत्यू कधीचा?” त्याने खाली बघतच विचारलं. तारीख सांगितली, नाव सांगितलं, मग त्याने वर बघितलं.

“तुम्ही ते... जिवंतवाले.”

हो म्हटलं.

त्याने दाखला दिला, शिक्का मारला. मग उठून कपाटातून ती फाईल काढली. आता तिच्यात चार कागद होते, अण्णांचा सगळ्यात खाली. “वापरला का?”

“उशिराने.”

तो बराच वेळ आवक-जावक रजिस्टर बघत राहिला. “याला रकाना नाही. ‘निकाली’ लिहू?”

मी लिहा म्हटलं. त्याने लिहिलं, तारीख टाकली, आणि माझ्यापुढे सहीसाठी रजिस्टर फिरवलं.